मैदानातला धर्मगुरू : संत जॉन बॉस्को



येत्या ३१ जानेवारीला ख्रिस्तसभा संत जॉन बॉस्को यांचा सण साजरा करील. डॉन बॉस्को हे नाव आपल्याला नवे नाही. आपल्यापैकी काहींची मुले त्या नावाच्या शाळेत शिकली. अनेकजण माटुंग्याला त्यांच्या संस्थेने उभारलेल्या मंदिरात मरियामातेच्या दर्शनाला जाऊन आले आहेत. डॉन ही इटालियन भाषेत धर्मगुरूच्या नावामागे लावायची आदराची उपाधी. आपल्याकडे जसे फादर, तसे तिकडे डॉन. सिनेमाने या शब्दाला भलताच अर्थ चिकटवला. पण हे डॉन मुले गुन्ह्याकडे वळू नयेत म्हणून आयुष्यभर झिजले.

त्यांचे चरित्र या वर्षी मुद्दाम सांगण्याचे एक कारण आहे. चर्चच्या बाजूच्या मोकळ्या जागेला संध्याकाळी कुलूप लावावे, असा अर्ज पॅरिश कौन्सिलकडे आला आहे. मुलांचा गोंगाट होतो, तोंडात शिव्या असतात, मागच्या महिन्यात खिडकीची काच फुटली. तक्रार खोटी नाही. अर्ज करणारेही चर्चवर प्रेम करणारीच माणसे आहेत. पुढच्या बैठकीत त्यावर निर्णय घ्यायचा आहे. त्याआधी आपण सर्वांनी हे चरित्र एकदा डोळ्यांखालून घालावे, अशी आमची विनंती आहे.

पोरका मुलगा

जॉन बॉस्को यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतील पिडमाँट प्रांतात, कास्तेलनुओवो गावाजवळच्या बेक्की या वाडीत झाला. घर शेतकऱ्याचे, परिस्थिती बेताची. जॉन दोन वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा वडील न्यूमोनियाने वारले. आई मार्गारिता हिच्या पदरात म्हातारी सासू, सावत्र मुलगा आंतोनियो आणि जोसेफ व जॉन ही स्वतःची दोन मुले. ती लिहिण्यावाचण्यास शिकली नव्हती, पण प्रार्थना, कष्ट आणि शेजाऱ्याला मदत हे तीन धडे तिने मुलांना पक्के दिले.

नऊ वर्षांचा असताना जॉनला एक स्वप्न पडले. घराजवळच्या मोकळ्या जागेत पुष्कळ मुले खेळत होती. काही हसत होती, काही शिव्या देत होती. शिव्या ऐकून जॉन त्यांच्यावर धावून गेला आणि ठोसे मारू लागला. तेव्हा एका तेजस्वी पुरुषाने त्याला थांबवले आणि ही मुले माराने नव्हे, मायेने जिंकायची आहेत, असे सांगितले. मग एक तेजस्वी स्त्री दिसली. पाहता पाहता मुलांच्या जागी हिंस्र जनावरे आली आणि त्या जनावरांची कोकरे झाली. सकाळी जॉनने हे घरात सांगितले, तेव्हा प्रत्येकाने आपापला अर्थ लावला. हा मुलगा कदाचित धर्मगुरू होईल, असे आईला वाटले.

शिव्या देणाऱ्या मुलांना मारायला धावणारा तो नऊ वर्षांचा जॉन आपल्या सर्वांच्या आत आहे. आमच्याही आत आहे.

जॉनला खेळाचे अतोनात वेड. जत्रेत आलेल्या डोंबाऱ्यांचे आणि जादूगारांचे प्रयोग तो टक लावून पाही आणि घरी येऊन पडत झडत तेच करून बघे. काही दिवसांत तो दोन झाडांना बांधलेल्या दोरीवरून चालू लागला, हातांवर उलटा फिरू लागला. रविवारी वाडीतली माणसे त्याचे खेळ पाहायला जमत. या खेळाला तिकीट एकच होते. आधी सर्वांनी रोझरी म्हणायची आणि सकाळी मिस्सात ऐकलेले प्रवचन त्याच्या तोंडून पुन्हा ऐकायचे. ज्याला ते नको असेल त्याने खुशाल घरी जावे!

शिक्षणाची वाट मात्र सोपी नव्हती. पुस्तक घेऊन बसलेला जॉन आंतोनियोच्या डोळ्यांत खुपत असे. भांडणे वाढली तेव्हा आईने काळजावर दगड ठेवून १८२८ साली बारा वर्षांच्या जॉनला घराबाहेर पाठवले. त्याने मोलिया कुटुंबाच्या शेतावर गडी म्हणून काम केले. पुढे फादर कालोस्सो या वृद्ध धर्मगुरूंनी त्याला प्रेमाने लॅटिन शिकवायला घेतले, पण १८३० साली तेही वारले. म्हणजे पितृछत्र दोनदा हरपले. बापाविना वाढणाऱ्या मुलाच्या मनात काय असते, हे डॉन बॉस्को यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

कियेरी शहरात शिकत असताना पोटासाठी त्याने शिंप्याकडे आणि कॉफीच्या दुकानात काम केले. तिथेच १८३२ साली त्याने सोबत्यांचे एक आनंद मंडळ काढले. नियम दोनच. ख्रिस्ती माणसाला न शोभणारे काही बोलायचे-करायचे नाही आणि आपला अभ्यास व धर्मकर्तव्ये नीट पार पाडायची. बाकी सगळा आनंद.

याच काळात शहरात एक कसरतपटू आला. ऐन उपासनेच्या वेळी तो आपले खेळ करी आणि मुले चर्च सोडून तिकडे धावत. जॉनने त्याला आव्हान दिले. धावणे, पाण्याच्या कालव्यावरून उडी, काठीचा तोल आणि शेवटी झाडावर चढणे अशा शर्यती लागल्या. पैज दर फेरीला वाढत गेली. कसरतपटू झाडाच्या शेंड्याजवळ पोचला. जॉनही तिथवर चढला आणि हातांच्या आधाराने त्याने पाय वर आकाशाकडे केले. कसरतपटू सगळे पैसे हरला. पण मुलांनी त्याला कंगाल केले नाही. सर्व मंडळाला एक जेवण द्यावे या अटीवर त्याचे पैसे परत केले. जिंकावे कसे आणि जिंकल्यावर वागावे कसे, हे दोन्ही धडे त्या एका दिवसात मुलांना मिळाले.

तुरुंगाच्या आत

५ जून १८४१ रोजी तुरिन शहरात जॉन बॉस्को यांना गुरुदीक्षा मिळाली. त्यांचे मार्गदर्शक फादर जोसेफ काफास्सो तुरुंगातल्या कैद्यांची सेवा करीत, फाशीच्या कैद्यांना शेवटच्या पायरीपर्यंत सोबत देत. तेही आज संत आहेत. त्यांनी तरुण डॉन बॉस्कोंना आपल्याबरोबर तुरुंगात नेले.

तिथे त्यांनी जे पाहिले ते ते कधी विसरले नाहीत. बारा ते अठरा वर्षांची धट्टीकट्टी, हुशार मुले रिकामी बसलेली, अंगावर उवा-पिसवा, पोटभर अन्न नाही, देवाचा शब्द नाही. त्याहून मोठा धक्का पुढे होता. सुटताना चांगले वागण्याचा निश्चय करून गेलेली मुले काही दिवसांत पुन्हा आत दिसत. असे का व्हावे? डॉन बॉस्कोंच्या लक्षात आले की बाहेर त्यांचे कुणी नव्हते. रविवारी कुठे जायचे हे ठाऊक नाही, काम नाही, जवळ घेणारा नाही. जवळ घेणारे होते ते फक्त जुने साथीदार. या मुलांना बाहेर एखादा मित्र मिळाला असता तर यांतली कितीतरी आत आलीच नसती, या विचाराने त्यांना घेरले.

त्या काळी तुरिन वाढत होते. डोंगरी खेड्यांतून मुले गवंड्यांच्या हाताखाली, धुराडी साफ करायला, मिळेल त्या कामाला शहरात येत. ८ डिसेंबर १८४१ रोजी, निष्कलंक मातेच्या सणाच्या दिवशी, डॉन बॉस्को असिसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चमध्ये मिस्साची तयारी करीत होते. सॅक्रिस्टीत बार्तोलोमेओ गरेल्ली नावाचा सोळा वर्षांचा गवंडीकाम करणारा पोरका मुलगा उभा होता. मिस्साला सेवा करता येत नाही म्हणून सॅक्रिस्टनने त्याला मारून हाकलले. डॉन बॉस्कोंनी त्याला परत बोलावले, तो आपला मित्र आहे असे सॅक्रिस्टनला सांगितले. वाचता येते का, गाता येते का, सगळ्याला उत्तर नाही. शेवटी त्यांनी विचारले, शीळ वाजवता येते का? मुलगा हसला. त्या हसण्यातून डॉन बॉस्कोंचे सारे कार्य सुरू झाले. पुढच्या रविवारी तो आपले मित्र घेऊन आला.

जागेच्या शोधात

मुलांची संख्या वाढली, तशा तक्रारीही वाढल्या. इथे आपण कान द्यावेत, कारण तक्रारी आपल्या ओळखीच्या आहेत. आवाज, धूळ, धावपळ, मोडतोड. एका जागेतून दुसऱ्या जागेत, पिठाच्या गिरण्यांजवळून दफनभूमीजवळच्या चर्चकडे, तिथून भाड्याच्या खोल्यांत, तिथून उघड्या कुरणात असा त्यांचा मेळा फिरत राहिला. मुलांच्या पायांनी गवताची मुळेदेखील मेली म्हणून कुरणाच्या मालकांनीही त्यांना निघायला सांगितले. शहराचे अधिकारी मार्क्विस कावूर यांना वाटे की एवढी रिकामटेकडी पोरे एका धर्मगुरूच्या मागे फिरतात, हा शहराच्या शांततेला धोका आहे. पाळत ठेवायला शिपाई येऊन उभे राहत. दोघा धर्मगुरूंना तर डॉन बॉस्कोंचे डोके फिरले असे वाटले. त्यांना गाडीत घालून वेड्यांच्या इस्पितळात न्यायला ते आले. डॉन बॉस्कोंनी त्यांनाच आधी गाडीत चढवले, दार लावले आणि गाडीवानाला गाडी हाकायला सांगितले!

१८४६ च्या झावळ्यांच्या रविवारी कुरणातला शेवटचा दिवस होता. मुले खेळत होती आणि डॉन बॉस्को एका कडेला एकटे फिरत रडत होते. पुढच्या रविवारी मुलांना कुठे बोलवायचे, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्याच संध्याकाळी एक माणूस वालदोको भागातल्या पिनार्डी नावाच्या गृहस्थाच्या पडवीचा निरोप घेऊन आला. छप्पर इतके ठेंगणे की उभे राहता येईना. पिनार्डीने जमीन खणून खोल करून द्यायचे कबूल केले. शेजारी खेळायला मोकळी पट्टी होती. १२ एप्रिल १८४६ रोजी, पुनरुत्थानाच्या सणाच्या दिवशी, मुलांना कायमचे घर मिळाले.

त्याच उन्हाळ्यात श्रमाने डॉन बॉस्को मरणाच्या दारी पोचले. मुलांनी उपास केले, रात्रंदिवस प्रार्थना केली आणि ते वाचले. नोव्हेंबरमध्ये आई मार्गारिता गाव सोडून वालदोकोला आली. ती या मुलांचीही आई झाली, भाकरी भाजू लागली, ठिगळे लावू लागली. तिने अंगणात भाजीचा मळा केला होता. एकदा मुलांनी सैनिकांची लुटुपुटूची लढाई मांडली आणि विजयाच्या भरात सगळा मळा पायदळी तुडवला. थकलेल्या मार्गारिताने मुलाला सांगितले की आता आपल्याला परत गावी जाऊ दे. डॉन बॉस्को काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त भिंतीवरच्या क्रुसाकडे बोट दाखवले. तिचे डोळे भरून आले आणि ती पुन्हा कामाला लागली. १८५६ साली मरेपर्यंत ती तिथेच राहिली.

चेंडूबरोबर आणखी काय

मुलांच्या हाती चेंडू दिला की ती सुधारतात, असे समजणे भोळेपणाचे ठरेल. जुगाराचा अड्डाही मैदानाच्या कडेलाच बसतो. डॉन बॉस्कोंना हे पक्के कळत होते. त्यांच्याकडे खेळ हे दार होते आणि दाराच्या आत घर होते.

रविवारी सकाळी पापनिवेदन आणि मिस्सा, मग खेळ, दुपारी धर्मशिक्षण, पुन्हा खेळ, संध्याकाळी प्रार्थना आणि गाणी. कामकऱ्या मुलांसाठी रात्रीचे वर्ग होते. मेट्रिक मापे येणार हे पाहून त्यांनी वजनामापांवर सोपे पुस्तकही लिहिले. आठवडाभर ते मुलांच्या कामाच्या जागी जाऊन मालकांना भेटत. १८५२ साली एका सुतार मालकाशी सरकारी मुद्रांकाच्या कागदावर केलेल्या करारावर त्यांची सही आहे. मालकाने मुलाला काम शिकवावे, चूक झाल्यास शब्दांनी सांगावे, मारू नये, धंद्याबाहेरची कामे सांगू नयेत, रविवार मोकळा द्यावा. १८५३ पासून त्यांनी चांभारकाम, शिंपीकाम, पुस्तकबांधणी, सुतारकाम असे स्वतःचे कारखाने घातले.

आणि ते स्वतः खेळत. झगा सावरून मुलांबरोबर पळत. खेळता खेळता एखाद्याच्या कानात हळूच एक वाक्य सांगत. चूक सर्वांसमोर काढीत नसत, पण ती त्यांच्या नजरेतून सुटतही नसे. १८७७ साली आपली शिक्षणपद्धती त्यांनी थोडक्यात लिहून काढली. एक पद्धत नियम सांगते, गुन्हा होण्याची वाट पाहते आणि मग शिक्षा करते. दुसरी पद्धत मुलाजवळ इतकी मायेने उभी राहते की गुन्ह्याला वावच राहत नाही. तिचे तीन आधार म्हणजे विवेक, धर्म आणि वात्सल्य. उड्या मारण्याची, धावण्याची, ओरडण्याची भरपूर मोकळीक, व्यायाम, संगीत, नाटक आणि सहली यांना त्यांनी शिस्तीची साधने मानले. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांच्या लिखाणात वाचले होते की खेळ ही मनाची विश्रांती असून तिलाही सद्गुणाचे नियम आहेत. थॉमसनी जे ग्रंथात मांडले, ते डॉन बॉस्कोंनी अंगणात करून दाखवले.

स्टेशनवरचा सेनापती

१८५७ सालच्या शरद ऋतूतली गोष्ट. कारमान्योला स्टेशनवर दाट धुक्यात डॉन बॉस्को गाडीची वाट पाहत होते. जवळच मुलांचा गलका चालला होता आणि एका मुलाचा आवाज सर्वांवर हुकूम सोडत होता. डॉन बॉस्को त्या घोळक्यात शिरले. बाकीची मुले पळाली, पण तो म्होरक्या कमरेवर हात ठेवून उभा राहिला. नाव मिकेले मागोने. वडील नाहीत, आई लोकांकडे काम करते, शाळेत मास्तर कंटाळलेले. उद्योग कोणता, तर काहीच नाही.

डॉन बॉस्कोंनी गावच्या धर्मगुरूंकडे चौकशी केली. हा पोरगा शाळा आणि धर्मशिक्षणाचा वर्ग उधळून लावतो, पण मनाचा चांगला आहे, असे कळले. त्यांनी त्याला वालदोकोला आणले. खेळाची सुट्टी झाली की तो तोफेतून गोळा सुटावा तसा अंगणात येई. काही आठवड्यांनी मात्र तो उदास दिसू लागला. सोबती संस्कार घेत होते आणि याच्या मनावर ओझे होते. डॉन बॉस्कोंशी बोलून त्याने पापनिवेदन केले आणि तो हलका झाला. पुढे इतर मुलांची भांडणे तोच सोडवू लागला. जानेवारी १८५९ मध्ये, चौदावे वर्ष पुरे होण्याआधीच, तो आजाराने देवाघरी गेला. डॉन बॉस्कोंनी १८६१ साली त्याचे चरित्र प्रसिद्ध केले.

सेलेशियन परंपरेत आणखी एक आठवण सांगतात. तुरिनच्या जेनेराला या बालगुन्हेगारांच्या तुरुंगातल्या तीनशेहून अधिक मुलांना १८५५ साली डॉन बॉस्कोंनी पहारेकऱ्यांशिवाय दिवसभराच्या सहलीला नेले. संध्याकाळी मोजणी झाली, तेव्हा एकही मुलगा कमी नव्हता.

रिकामे मैदान

१८ डिसेंबर १८५९ रोजी सोबत्यांना घेऊन त्यांनी सेलेशियन संस्था सुरू केली. संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या सौम्यतेवरून तिला नाव दिले. १८७२ साली संत मारिया मात्सारेल्लो यांच्यासह मुलींसाठी धर्मभगिनींची संस्था काढली. १८७५ साली पहिले मिशनरी अर्जेंटिनाला गेले.

पण त्यांच्या उतारवयातली एक गोष्ट आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. मे १८८४ मध्ये रोमहून त्यांनी वालदोकोला एक पत्र धाडले. त्यात दोन मैदाने दिसल्याचे स्वप्न होते. पहिले जुन्या दिवसांचे. मुले खेळत आहेत, धर्मगुरू त्यांच्यात मिसळून धावत आहेत. दुसरे त्या वेळचे. मुले कोपऱ्याकोपऱ्यांत कंटाळून बसली आहेत, काही कुजबुजत आहेत, आणि मोठी माणसे दूर उभी राहून आपापसांत बोलत आहेत. मैदान तेच, भिंती आधीपेक्षा चांगल्या, पण मोठ्यांनी खेळणे सोडले होते. मुलांवर प्रेम असून भागत नाही, आपल्यावर प्रेम आहे हे मुलांना जाणवले पाहिजे, असे त्यांनी कळवळून कळवले.

३१ जानेवारी १८८८ रोजी, ७२ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. १ एप्रिल १९३४ रोजी, पुनरुत्थान सणाला, पोप अकरावे पायस यांनी त्यांना संत घोषित केले. तरुण धर्मगुरू असताना हेच पोप वालदोकोला येऊन त्यांना भेटून गेले होते. १९०६ साली सेलेशियन धर्मगुरू भारतात तंजावरला आले आणि पुढे आपल्या मुंबईत. वडाळ्याला रस्त्यावरच्या मुलांसाठी त्यांचे शेल्टर डॉन बॉस्को चालते.

आपले अंगण

आता आमची एक कबुली. पूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना आम्ही स्वतः असे कुलूप लावले होते. काच फुटली, राग आला, कुलूप लावले. संध्याकाळ शांत झाली आणि लोकांनी आमचे आभार मानले. मुले मैदानातून उठली आणि मोरीच्या पलीकडे अंधारात बसू लागली. वर्षभराने एका रात्री आम्हाला पोलीस ठाण्यात बोलावणे आले. चोरीच्या प्रकरणात पकडलेला मुलगा त्याच घोळक्यातला होता. त्याने आम्हाला ओळखले, आम्हाला मात्र त्याचे नाव आठवेना. कुलपामुळे तो चोर झाला, असे आम्ही म्हणणार नाही. तर्काला ते धरून नाही. पण तो रोज आमच्या दारात येत होता आणि आम्ही त्याचे नावही विचारले नव्हते, एवढे खरे.

म्हणून पॅरिश कौन्सिलपुढे आमची सूचना अशी राहील. संध्याकाळी साडेपाच ते साडेसात अंगण उघडे ठेवावे. खिडक्यांना जाळी बसवावी. रोज दोन मोठी माणसे मैदानात असावीत, राखणदार म्हणून नव्हे, खेळगडी म्हणून. अँजेलसची घंटा झाली की खेळ थांबावा आणि प्रार्थना व्हावी. जी मुले आपल्या धर्माची नाहीत, त्यांनीही यावे. ज्यांनी तक्रारीचा अर्ज केला, त्यांनाच आम्ही पहिल्या आठवड्याचे आमंत्रण देत आहोत. सोमवारी आम्ही स्वतः येऊ. गुडघे दुखतात, तेव्हा गोलकीपर म्हणून उभे राहू.

मुलांनी आम्हाला गोल जरूर मारावेत. आम्ही त्यांची नावे विचारू.

आपले धर्मगुरू